पंचवीस माणसांचा कारभार

वैद्यकीय महाविद्यालयात आपण आयुष्यातील उमेदीची आठ-नऊ वर्षे घालवितो. त्या काळात मानवी देहातील दोनशे सहा हाडे पाठ होतात, औषधांच्या मात्रा तोंडपाठ होतात. परंतु महिन्याच्या एक तारखेला अठरा-वीस माणसांचे पगार कोठून द्यावयाचे, हे कोणी शिकवीत नाही. आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण दहा ते पंचवीस खाटांची रुग्णालये चालवितात. 'धंदा' हा शब्द आपल्याला रुचत नाही, आणि तो रुचू नये हेच योग्य. तथापि बँकेचा हप्ता, विजेचे देयक, नोंदणीचे नूतनीकरण, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांचे पैसे आणि विमा कंपनीकडे तीन-तीन महिने अडकलेली रक्कम, या सर्वांचा मेळ घालणारा माणूस हा लघुउद्योजकच होय. त्याच्या हाताखाली पाळीपाळीने येणाऱ्या परिचारिका असतात, शस्त्रक्रियागृहातील सहायक असतो, वॉर्डबॉय, मावशी, स्वागतकक्षातील मुलगी, औषधांच्या दुकानातील फार्मासिस्ट आणि संध्याकाळी दोन तास येऊन जमाखर्च लिहिणारे एखादे निवृत्त गृहस्थ असतात. ही सारी मंडळी मिळून वीस-पंचवीसांच्या घरात जातात.

एवढ्या लहान चमूला घेऊन, उद्याचा भरवसा नसताना, ठरविलेल्या ठिकाणी कसे पोहोचावे? बाजारात व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके भरपूर आहेत. ती बहुतेक हजारो नोकरांच्या कंपन्यांसाठी लिहिलेली असतात. आपल्या मापाचा अंगरखा त्या दुकानात मिळत नाही. मापाचे उदाहरण पाहिजे असेल तर ते आपल्याच बेळगावात घडलेले आहे. आपण ते शाळेच्या पुस्तकातील धडा म्हणून वाचतो आणि सोडून देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी मी बोलत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि तेथे त्यांना आंशिक रंगांधता असल्याचे ध्यानात आले. आपल्यातील नेत्रतज्ज्ञांना या गोष्टीचे अप्रूप वाटू नये, पण चित्रकलेच्या विद्यार्थ्याला हा आघात केवढा असेल! रंग सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले आणि हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून आले. बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ हा जो सांगितला जातो, तो या सायकलींपासून. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची त्या काळी समजूत होती. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या सर्व चरित्रकथांत येते.

दोन वर्षे! नवे यंत्र आणून दोन महिने रुग्ण आला नाही तर आपली झोप उडते. येथे दोन वर्षे माल पडून होता, तरी कारखान्याचे दार बंद झाले नाही, कारण कडबा कापण्याची यंत्रे आणि किरकोळ कामे चालू होती. मुख्य वस्तू चालत नसताना पोटापुरते काम हाताशी असणे, ही गोष्ट लहान आस्थापनेच्या बाबतीत फार मोलाची आहे. आपल्याकडेही शस्त्रक्रियांचे मोठे आकडे दिसतात. पण पडत्या काळात घर चालविते ती साधी बाह्यरुग्ण तपासणी आणि मधुमेहाचे जुने, नियमाने येणारे रुग्ण.

नांगर चालू लागला, जम बसू लागला, आणि बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. जम बसलेल्या माणसाला हलविणे म्हणजे काय, हे आपल्या पेशात भाड्याच्या जागेत दवाखाना थाटलेल्यांना सांगावयास नको. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांनी निवडली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे आगर. १९१० साली लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि सुमारे पंचवीस कामगार आपापली बायकामुले घेऊन त्या माळावर उतरले. तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली.

पंचवीस, हा आकडा वाचला आणि मी थांबलो. आपल्या एखाद्या रुग्णालयाचा हजेरीपट तेवढाच असतो. या पंचवीसजणांनी बेळगावात राहून दुसरी नोकरी धरली असती तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. शहर सोडून, मुलांची शाळा सोडून, सापांच्या माळावर तंबू-झोपड्यांत राहावयास ते का आले असतील? पगार वाढवून देण्याची ऐपत मालकांपाशी नव्हती, डोक्यावर उलट कर्ज होते. माझ्या मते याचे उत्तर मागल्या वर्षांत आहे. नांगर विकला जात नव्हता त्या वर्षांत या माणसांनी मालकाचे वागणे पाहिले होते. संकटाच्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाने माणसे बांधली जात नाहीत; ती बांधली गेलेली असतात किंवा नसतात, संकट केवळ ते उघड करते.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. लक्ष्मणराव माणसाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याच्या हाताकडे आणि डोक्याकडे पाहत. वसाहतीची आखणी व प्रशासन रामूअण्णांकडे होते. शंभोराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब व कचेरी. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना तर त्यांनी राखणदार नेमले, आणि ते विश्वासाला उतरले. आपण एवढे धाडस करणार नाही; मीही करणार नाही. पण बारावी नापास झालेल्या मुलाला 'तुझे काम फक्त स्ट्रेचर ढकलणे' असे सांगून आपण त्याच्यातले काय वाया घालवितो, याचा विचार या निमित्ताने व्हावा.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. नांगराचा कारखाना आणि लोखंड नाही, म्हणजे प्राणवायूवाचून अतिदक्षता विभाग! त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या, आणि त्या तोफांचे नांगर झाले. ही कथा नेहमी महाराजांच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते व ते खरेच आहे. तथापि तोफांचे जुने लोखंड कामाचे आहे हे ओळखणारे, ते वितळवून त्यातून नवा माल काढणारे हात कारखान्यात टिकून होते, म्हणून त्या औदार्याचा उपयोग झाला. सायकली गेल्या, नांगर आले, पुढे पाण्याचे पंप आले. वस्तू बदलत गेली, गाव बदलले, कच्चा माल बदलला. माणसे मात्र लक्ष्मणरावांनी राखली. अनिश्चित काळात आपण बहुधा याच्या उलट करतो. ठरलेले उद्दिष्ट घट्ट धरून ठेवतो आणि खर्च कमी करावयाचा म्हणून पहिली कुऱ्हाड माणसांवर घालतो.

आता शंभर वर्षे ओलांडून आपल्या काळात येऊ.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मोठ्या रुग्णालयांच्या गोष्टी वर्तमानपत्रांतून आल्या. आपल्यासारख्या लहान रुग्णालयांत काय झाले ते फारसे लिहिले गेले नाही. ठरविलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडला. येळ्ळूर, कंग्राळी, उचगावहून येणाऱ्या आमच्या परिचारिकांना बस मिळेना. शिनोळीपासून महाराष्ट्राची हद्द; चंदगड तालुक्यातील रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बेळगावी येतात, त्यांचा रस्ता नाक्यावर अडला. सीमाप्रश्नाची चर्चा आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. पण सीमा म्हणजे इन्सुलिन संपलेला रुग्ण एका बाजूला आणि त्याचा डॉक्टर दुसऱ्या बाजूला, हे त्या वर्षी कळले.

आमच्या रुग्णालयात त्या आठवड्यात सर्वांना एकत्र बसविले, हातभर अंतर राखून, गच्चीवर. 'सर्व ठीक होईल' असे सांगण्याचा मोह होतो; रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलून बोलून आपल्या जिभेला ते वळणच पडलेले असते. परंतु रोगाचे भवितव्य आपल्याला ठाऊक नव्हते आणि हे समोरच्या मावशींनाही ठाऊक होते. म्हणून जमाखर्चाची वही उघडून जे होते ते सांगितले. शिल्लक इतकी, हप्ता इतका, आवक जवळजवळ शून्य. या पैशात सर्वांचे पूर्ण पगार इतके महिने देता येतील. आम्ही दोघे डॉक्टर तोवर काही घेणार नाही. त्यानंतर कपात करावी लागली तर ती वरून खाली येईल, मावशी आणि वॉर्डबॉय सर्वांत शेवटी. दर पंधरा दिवसांनी हीच वही पुन्हा उघडू. एवढेच. त्या दिवसापासून वर्षाचे उद्दिष्ट बाजूला ठेवले आणि पंधरा दिवसांचे धरले.

पंधरा दिवसांच्या उद्दिष्टाचा एक गुण असा की ते सर्वांना दिसते. पहिल्या पंधरवड्याचे उद्दिष्ट होते, आपल्या नोंदवहीतील मधुमेह व रक्तदाबाच्या एकाही रुग्णाची औषधे खंडित होऊ नयेत. २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे दूरध्वनीवरून सल्ला देण्यास चौकट मिळाली. स्वागतकक्षातील मुलीने जुन्या वह्या काढल्या आणि एकेका रुग्णाला फोन लावावयास सुरुवात केली. कोणाकडे किती गोळ्या उरल्या, कोणाचा मुलगा पुण्यात अडकला आहे, कोण घाबरून जेवत नाही, हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक झाले. ती मराठीत बोले, कन्नडमध्ये बोले, कोकणी रुग्णाशी कोकणीचा आव आणी. तोवर तिचे काम पावत्या फाडण्याचे समजले जाई. त्या पंधरवड्यानंतर ती आमच्या रुग्णालयाच्या जुन्या रुग्णांची खरी सांभाळकर्ती झाली, व आजही आहे.

खरी कसोटी २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत लागली. प्राणवायूचा मोठा सिलिंडर भरलेला असेल तर त्यात सुमारे सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो. पंधरा लिटर लागू लागले तर पावणेआठ तास. रुग्ण आठ, सिलिंडर मोजके, आणि पुढची गाडी केव्हा येईल ते गाडीवाल्यालाही ठाऊक नाही. हा हिशेब आम्हा डॉक्टरांना तोंडी येत होता, पण तो चोवीस तास सांभाळला आमच्या वॉर्डबॉयने. शिक्षण दहावीपर्यंत. त्याने शाळेची एक जुनी वही घेतली, प्रत्येक सिलिंडरला खडूने क्रमांक दिला, आणि दर तासाला दाबमापकाचा आकडा लिहू लागला. दुसऱ्याच दिवशी त्याने दाखविले की एका जोडणीतून वायू गळतो आहे. साबणाचे पाणी लावून बुडबुडे काढून दाखविले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "डॉक्टर, पेशंट जेवायला बसतात तेव्हा मास्क खाली आणि वायू चालूच राहतो. मावशींना सांगू का, नळी लावून प्रवाह कमी करायला?" परिचारिकेला विचारून तशी व्यवस्था झाली. किती लिटर वाचले ते मी मोजलेले नाही. त्या दिवसांत आमच्याकडे सिलिंडर रिकामा होऊन रुग्ण अडला असे झाले नाही, एवढे मात्र त्याच्या वहीवरून सांगता येते.

ही वही मी जपून ठेवली आहे. व्यवस्थापनाच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा तिच्यात अधिक शिकण्यासारखे आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

धोका सर्वांत आधी दिसतो तो बहुधा सर्वांत खालच्या माणसाला. प्रश्न एवढाच की त्याला बोलण्याची सोय आहे किंवा नाही. शस्त्रक्रियांच्या बाबतीत याचा अभ्यासच झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-सूची आठ देशांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली; त्यांत दिल्लीचेही एक होते. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे अकरा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आले होते. त्या सूचीतील एक कलम वरकरणी पोरकट वाटते. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. पण एकदा स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारलेली परिचारिका पुढे 'सर, एक गॉझ कमी भरतो आहे' हे सांगावयास कचरत नाही. आपल्याकडे रोज तीच चार माणसे असतात, नावे काय सांगावयाची, असा आक्षेप मी पुष्कळांकडून ऐकला आहे. माझा अनुभव असा की रोजची चार माणसेच एकमेकांना गृहीत धरतात.

येथे थोडे विषयांतर. अलीकडे 'आमचा स्टाफ म्हणजे आमचे कुटुंब' असे म्हणण्याची रीत पडली आहे. हे वाक्य भिंतीवर चौकटीत लावलेलेही मी पाहिले आहे, आणि त्याच ठिकाणी भविष्यनिर्वाह निधीचा विषय काढला की चेहरे पडतात. कुटुंबात पगार नसतो, रजा नसते, आणि कोणी सोडूनही जात नाही. परिचारिकेला आखातात किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात दुप्पट पगार मिळाला तर ती जाणारच, जावे. तिच्या घरी धाकटा भाऊ शिकत असतो. तिला 'घरची' म्हणून अडवून धरणे हा अन्याय आहे. त्यापेक्षा वेळेवर पगार, लेखी नेमणूक, ठरलेली सुटी आणि जाताना चांगले प्रमाणपत्र द्यावे. आमच्याकडून गेलेल्या दोघी परत आल्या, त्या या कारणाने, असे मला वाटते.

अनिश्चितता काही महामारीबरोबर संपलेली नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्यातील दुरुस्तीविरुद्ध राज्यभरातील डॉक्टर आपल्या या गावी जमले होते, ते दृश्य आपणांस स्मरत असेल. नियम बदलतात, विम्याचे दर बदलतात, शेजारी पाचशे खाटांचे रुग्णालय उभे राहते. यांपैकी एकही गोष्ट आपल्या हाती नाही. पगाराची तारीख, कोणते काम कोणाकडे, आणि खरी स्थिती काय, या तीन गोष्टी मात्र पूर्णपणे हाती आहेत. लहान आस्थापनेचा हा एक मोठा फायदाच म्हटला पाहिजे. पाचशे खाटांच्या ठिकाणी प्रमुखाला वॉर्डबॉयची वही दिसणे अशक्य. आपल्याकडे ती टेबलावरच असते.

एक अडचण मात्र नमूद केली पाहिजे. हिशेब उघडा करणे सर्वांना मानवत नाही. आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांपैकी एकाने मला स्पष्ट सांगितले की, "आकडे दाखविलेस तर बऱ्या दिवसांत तेच लोक वाढ मागतील." मागतात, यंदा मागितलीच. जमाखर्च लिहिणाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमोर बेरीज करून दाखविली, निम्मी वाढ देता येत होती, तेवढी दिली. वाढ निम्मीच का, यावर अर्धा तास वाद झाला व मग चहा झाला. वाईट दिवसांत वही उघडणाऱ्याला चांगल्या दिवसांत ती मिटता येत नाही, ही त्याची किंमत आहे आणि ती मोजावीच लागते.

सध्या आमच्यापुढे प्रश्न आहे तो डायलिसिसचा. चार खाटा कमी करून दोन यंत्रे बसवावीत काय, यावर गेल्या दोन बैठकांत बोलणे झाले. दोन परिचारिका प्रशिक्षण घेण्यास तयार आहेत. स्वागतकक्षातील मुलीने आपल्या वहीतून काढून दाखविले की आमच्याच जुन्या रुग्णांपैकी सातजण आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी दूर जातात, त्यांतील तिघे चंदगड भागातून येतात आणि पहाटेची बस धरतात. पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च मोठा आहे. बँकेचा जुना हप्ता अजून दीड वर्ष चालावयाचा आहे. वॉर्डबॉयचे म्हणणे, यंत्रे घेण्यापूर्वी उन्हाळ्यातले पाणी पाहावे, बोअरला एप्रिलमध्ये किती येते ते त्याने लिहून ठेवले आहे. पुढील बैठक एक तारखेला आहे, पगार वाटून झाल्यावर.